सादळल्या हवेत फॉन्डंट: किनाऱ्यावरच्या नवशिक्यांसाठी चाफा, शिंपले आणि हापूस

पावसाळ्यात फॉन्डंटचं, म्हणजे केकवरची फुलं-फळं वळायच्या साखरेच्या मऊ गोळ्याचं, पाकीट फोडायच्या आधी मी मिठाची बरणी उघडते. मीठ मोकळं असेल तर कामाला बसायचं. खडे एकमेकांना चिकटले असतील तर खिडक्या लावून, एसी किंवा पंखा सुरू करून अर्धा तास थांबायचं. आणि तळाशी पाणी सुटलेलं दिसलं, तर त्या दिवशी फुलंबिलं विसरून चहा टाकायचा.

यात अंधश्रद्धा काही नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. साखरेचं तेच ८५ टक्क्यांच्या आसपास होतं. पण फॉन्डंटमध्ये नुसती साखर नसते. ग्लुकोज सिरप असतं, ग्लिसरीन असतं, आणि ही दोघं पाण्याला साखरेपेक्षा जास्त हावरट. म्हणून मीठ ओलं दिसलं की फॉन्डंट सादळायला लागलाच म्हणून समजा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहा, दिवसचे दिवस हवा अशीच असते.

हे आधी सांगायचं कारण, मी स्वतः व्हिडिओ बघून शिकले आणि तिथेच फसले. कुठल्यातरी कोरड्या गावातली बाई म्हणते, ‘दोन तासांत फूल कडक होतं.’ तिचं होत असेल. माझ्या भाच्याच्या वाढदिवसाला जुलैत मी हत्ती केला होता. तो कडक होईना, म्हणून रात्री फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी छान टणक दिसला. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला आणि सोंड हळूहळू खाली येत येत पायाला चिकटली. भाचा म्हणाला, हत्ती पाणी पितोय. मुलं दयाळू असतात. गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं आणि त्या दवात साखर विरघळते, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नव्हतं.

फॉन्डंट हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थच मुळी ‘वितळणारा’ असा होतो. नावातच सांगून ठेवलंय.

मोदकाचा हात, पण उलटा

ज्यांना उकडीचे मोदक येतात त्यांना अर्धं फॉन्डंट आधीच येतं. गोळा दाबून पारी करणं, कड बोटांनी पातळ करत नेणं, कळ्या पाडणं, सगळं तेच. पाकळीची कड पातळ करताना माझी बोटं आपोआप पारीसारखी फिरतात. करंजीला मुरड घालता येत असेल तर दोरासारखी कड तुम्हाला शिकवावी लागणार नाही.

फक्त एक सवय मोडावी लागते. उकड चिरायला लागली की आई म्हणायची, ‘अगो, पाण्याचा हात लाव.’ इथे पाण्याचा हात लावलात की संपलं. वरचा थर विरघळून चिकट लगदा होतो. फॉन्डंटला भेग पडली तर हाताला नखाएवढं वनस्पती तूप चोळायचं आणि मळायचं. खोबरेल घरात हाताशी असतं, पण ते चोवीस-पंचवीस अंशांच्या वर पातळच राहतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने. त्याने गोळा ढिला पडतो आणि वासही राहतो. साजूक तुपाचंही तसंच. इथे वनस्पतीच बरं.

हाताला चिकटत असेल तर कॉर्नफ्लोअर. एक चमचा कॉर्नफ्लोअर मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची आणि पोळपाटावर ती अलगद आपटायची, म्हणजे हवं तेवढंच पडतं. पोळीला पिठी लावतो तसं मुठीने भुरभुरवलंत तर गोळा कोरडा पडून पुन्हा भेगाळतो. लाटताना कॉर्नफ्लोअर, वळताना वनस्पती, एवढं लक्षात ठेवलं तरी पहिले चार दिवस निभावतात.

हत्यारं

दुकानात आठ-दहा प्लॅस्टिकच्या दांड्यांचा संच मिळतो, प्रत्येक दांडीला दोन टोकं. सुरुवातीला त्यातल्या तीनच दांड्या खऱ्या कामाच्या.

पहिली बॉल टूल, म्हणजे टोकाला गुळगुळीत गोळी असलेली. पाकळी स्पंजच्या गादीवर ठेवायची आणि ही गोळी अर्धी पाकळीवर, अर्धी गादीवर अशी कडेने फिरवायची. कड पातळ होते आणि किंचित लहरते. गोळी पूर्ण पाकळीवर ठेवून दाबलीत तर मध्ये खड्डा पडतो, जो शिंपल्यासाठी किंवा डोळ्याच्या खोबणीसाठी हवा असतो, पाकळीसाठी नाही. गादी नसेल तर नवा, कोरडा, बारीक छिद्रांचा स्पंज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वापरा.

दुसरी ड्रेस्डेन टूल. एका बाजूला चपटं, दुसऱ्या बाजूला निमुळतं टोक. पानाच्या शिरा, कपड्याच्या चुण्या, प्राण्याच्या तोंडाची रेघ, सगळं हिच्यावर. गणपतीच्या शाळेत लहानपणी बसून राहिला असाल तर मूर्तिकाराच्या हातातली कोरणी आठवेल; काम तेच. शाडूच्या मातीवर मात्र ते ओलं फडकं टाकून ठेवतात. इथे न वापरलेला गोळा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचा, ओल्या फडक्याखाली कधीही नाही.

तिसरी पात्याची दांडी, म्हणजे बिनधारेची सुरी. खरं कापायला मात्र मी स्टेशनरीच्या दुकानातला बारीक कटर वापरते. तो फॉन्डंटसाठी वेगळा ठेवलेला, आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

बाकीचं घरात असतं. करंजीचं कातण नागमोडी कड कापतं. चहाच्या गाळणीतून मऊ फॉन्डंट अंगठ्याने दाबला की पलीकडून गवत, झुडूप किंवा मेंढीची लोकर निघते. सुरीने अलगद उचलायची. शीतपेयाची नळी तिरकी धरून टेकवली की माशाचा खवला किंवा बाहुलीचं हसू उमटतं. पेरूच्या पानाच्या मागच्या बाजूला शिरा इतक्या ठसठशीत असतात की विकतचा साचा नको. पान धुऊन, पुसून, कोरडं करून फॉन्डंटवर दाबायचं. जास्वंदीचं पानही चालतं. चीक येणारी पानं मात्र नकोत, आणि कण्हेर तर केकच्या जवळपासही नको, ती विषारी आहे. गंमत अशी की आपण खाली करणार आहोत त्या चाफ्याचं खरं पानसुद्धा चालत नाही. त्याचा चीक त्वचेला झोंबतो.

एक्स्ट्रूडर नावाची पिचकारी मिळते, जाळी बदलून दोर, केस, नळ्या काढायला. आपला सोऱ्या किंवा शिरवाळ्यांचा साचा याच तत्त्वावर चालतो, फक्त फॉन्डंट वनस्पतीत चांगला मऊ करून घ्यावा लागतो. माझा अनुभव, शेवेच्या जाळीतून हत्तीची झूल आणि जाळ्याचे दोर बरे निघतात. पण आदल्या दिवशी त्यातून लसूणशेव काढली असेल तर विचार करा.

लाटण्याबद्दल एक. लाकडी लाटण्याचे बारीक रेषेरेषेचे ठसे फॉन्डंटवर उमटतात. गुळगुळीत स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. पोळपाटाऐवजी ओटाच बरा.

मळणं आणि रंग

सुरुवातीला फॉन्डंट विकतच घ्या. घरी करता येतो, पण मऊ-कडक ओळखायला हाताने आधी चांगला फॉन्डंट मळलेला असावा लागतो. शाकाहारी मंडळींसाठी करत असाल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा, काही प्रकारांत जिलेटिन असतं. घरी केलेल्या मार्शमेलोच्या फॉन्डंटबद्दलही हीच खबरदारी.

पाकिटातून लागेल तेवढाच काढायचा, उरलेला लगेच गुंडाळायचा. काढलेला गोळा दोन-तीन मिनिटं ओढून, घडी घालून मळा, ओढताना चिक्कीसारखा कटकन तुटता कामा नये. तयार गोळा ओढला की ताणला जातो आणि मग तुटतो. नुसताच तुकडा पडला तर अजून मळायला हवा.

रंग जेलचाच घ्या. पाणीदार रंगाने गोळा चिकट होतो. टूथपिकच्या टोकाने घ्यायचा, गोळ्यात टोचायचा, मळायचा, आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच थांबायचं, कारण तास-दोन तासांत रंग चढतो. लाल आणि काळा हे दोन रंग घरी करायच्या भानगडीत पडू नका. इतकं जेल घालावं लागतं की गोळा ढिला होतो, चव कडवट होते आणि पाहुण्यांच्या जिभा काळ्या. हे दोन तयार रंगाचेच आणा. गुलाबी आणि जांभळा उजेडात फिके पडतात, जांभळा तर चक्क निळसर होतो. म्हणून केलेली फुलं खिडकीत मांडून ठेवायची नाहीत, डब्यात अंधारात ठेवायची.

चकाकीची पूड घेताना डबी उलटून वाचा. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलं म्हणजे खाण्याचं झालं असं नाही. ‘खाद्य’ किंवा ‘एडिबल’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि घटकांची यादीही हवी.

सीएमसी: किनाऱ्यावर हे लागतंच

नुसत्या फॉन्डंटची पाकळी आपल्या हवेत उभी राहत नाही. त्यात सीएमसी पावडर मिसळावी लागते, दुकानदार टायलोज म्हणूनही देतात. हा सेल्युलोजपासून केलेला डिंकासारखा पदार्थ आहे. तो गोळ्यातलं पाणी धरून ठेवतो, त्यामुळे गोळा ताणला जातो आणि वाळल्यावर कडक होतो. पाव किलो फॉन्डंटला एक सपाट चहाचा चमचा, हे नेहमीचं माप. फुलांसाठी भर पावसाळ्यात मी दीड चमचा घेते. त्याच्या पुढे गेलात तर वळायच्या आतच कडा चिरायला लागतात.

मळल्यावर गोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर ठेवायचा. बहुतेक जण हीच पायरी गाळतात आणि मग पावडर बेकार म्हणतात. ती फुगायला वेळ लागतो.

याच पावडरीचा गोंद होतो. दोन मोठे चमचे कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा सीएमसी घालून बाटलीत हलवायचं. आधी गुठळ्या दिसतील, सकाळपर्यंत पारदर्शक होतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. चिकटवताना ब्रश गोंदात बुडवून काठावर निथळायचा आणि फक्त ओलसर बोट फिरवल्यासारखा लावायचा. तुकडा घसरायला लागला म्हणजे गोंद जास्त झाला.

गोळा, थेंब, वळी

फॉन्डंटची निम्मी दुनिया या तीन आकारांत मावते. पहिल्या दिवशी दुसरं काही करू नका.

गोळ्यावर एकही भेग नको. दोन्ही तळव्यांत आधी जोरात दाबून फिरवायचा आणि मग जोर कमी कमी करत आणायचा. उरलेली भेग खालच्या बाजूला घ्यायची, सगळेच तसं करतात. गोळ्याची एक बाजू दोन करंगळ्यांच्या मध्ये फिरवली की थेंब. थेंब म्हणजेच पाकळी, नाक, कान, आंबा, माणसाचं धड. वळी सरळ करायची तर बोटांनी नाही, तळव्याने. बोटांनी केली की ती लाटेसारखी होते. अगदी सारखी वळी हवी असेल तर सपाट झाकणाने ओट्यावर फिरवा.

वळल्यावर मिनिटभरात पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा सुरकुततो आहे असं दिसलं, तर पंखा थेट तुमच्यावर आहे. काम करताना पंखा भिंतीकडे वळवा, वाळवताना फुलांकडे.

पहिलं फूल: चाफा

गुलाबापासून सुरुवात करायला सांगतात. मी चाफ्यापासून सांगते, देवळाच्या पायरीशी पडलेला असतो तो पांढरा, पोटात पिवळा. पाच पाकळ्या, तार नाही, पुंकेसर नाहीत, आणि चुकला तरी चाफाच दिसतो. आधी खरं फूल आणून समोर ठेवा. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीखाली असते, भोवऱ्यासारखी. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं सोपं.

१. सीएमसी घातलेला पांढरा गोळा साधारण १ मिलिमीटर जाडीचा लाटा. ओट्याचा रंग किंचित झिरपून दिसला की झाला.

२. थेंबाच्या आकाराच्या कटरने ४ सेंटिमीटर लांबीच्या पाच पाकळ्या कापा. कटर नसेल तर पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याभोवती सुरी फिरवा. एक पाकळी हातात घेतली की बाकीच्या चार प्लॅस्टिकखाली झाकायच्या.

३. गादीवर प्रत्येक पाकळीची फक्त उजवी कड बॉल टूलने पातळ करा आणि बोटाने किंचित आत गुंडाळा. पाचही पाकळ्यांची एकच बाजू. इथे गफलत झाली तर शेवटी फूल जुळत नाही. मी पहिल्या डझनातली चार फुलं अशीच घालवली.

४. पाकळ्या पंख्यासारख्या एकावर एक मांडा. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीचा डावा अर्धा भाग झाकेल, आणि सगळ्यांची टोकं खाली एका ठिकाणी येतील. फक्त खालच्या तिसऱ्या भागाला गोंद.

५. पंखा उचलून द्रोणासारखा गुंडाळा. शेवटची पाकळी पहिलीला येऊन भिडली की तिची मोकळी कड पहिलीच्या खाली सरकवा. खालचं टोक चिमटीत धरून हलकेच पीळ द्या, मोदकाचं नाक काढताना देतो तसा, आणि जास्तीचं कापून टाका.

६. फूल बाटलीच्या तोंडात किंवा छोट्या वाटीत उभं ठेवून पाकळ्या हव्या तेवढ्या उघडा. पूर्ण उघडं फूल, अर्धं उघडं आणि कळी, असे तिन्ही प्रकार करा. सगळी सारखी फुलं मांडली की दुकानातल्या प्लॅस्टिकसारखी दिसतात.

७. पूर्ण वाळल्यावर कोरड्या ब्रशने पोटात पिवळी खाद्य पूड भरा आणि आतून बाहेर झटका मारत विरळ करत न्या. ब्रश आधी टिश्यूवर झटकायचा. पाकळीच्या पाठीला अगदी पुसट गुलाबी दिला तर बघणारा हात लावून पाहतो.

सोनचाफा आणि अबोली नंतर. अबोली दिसायला साधी, पण तिची ती फाटल्यासारखी पाकळी पातळ ठेवून उभी करायला हात तयार लागतो. जास्वंदीला मधला दांडा तारेवर करावा लागतो. तारेचं काम सुरू कराल तेव्हा एक नियम पक्का: तार केकमध्ये थेट खुपसायची नाही. आधी शीतपेयाची नळी केकमध्ये रोवायची, तिच्यात तार, आणि केक कापायच्या आधी मोजून सगळ्या बाहेर.

शिंपले, वाळू, होडी

सिलिकॉनच्या साच्याने शिंपले करणं हे सगळ्यात सोपं काम आहे आणि समुद्राचा केक म्हटलं की मागणी त्यालाच. साच्यात कॉर्नफ्लोअरचा हात, गोळा थोडा मोठाच घेऊन दाबायचा, वरचं सुरीने सपाट कापायचं, साचा मागून वाकवून बाहेर काढायचं. निघत नसेल तर व्हिडिओत फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात. आपल्याकडे तो शेवटचा उपाय. पाच मिनिटं पुरेत, आणि बाहेर काढल्यावर दव सुकेपर्यंत हात नाही. त्यापेक्षा गोळ्यात चिमूटभर सीएमसी घातली की तसाच निघतो. पांढरा, बदामी आणि पुसट गुलाबी असे तीन गोळे अर्धवट मिसळून साच्यात दाबले की शिंपल्यावर खऱ्यासारखे पट्टे येतात.

वाळूला मारी बिस्किटांचा चुरा. तो सादळतो, म्हणून केक निघायच्या वेळी पसरा.

होडी उभी करायची तर ३ मिलिमीटरच्या फळ्या कापून दोन-तीन दिवस वाळवाव्या लागतात, दर काही तासांनी उलटत. नाही तर पापडासारख्या वाकतात. दोन छटांचा तपकिरी फॉन्डंट पूर्ण न मिसळता लाटला आणि वरून सुरीच्या पाठीने रेघा ओढल्या की लाकूड दिसतं. फळ्या जोडायला गोंदाऐवजी वितळवलेलं पांढरं कंपाउंड चॉकलेट वापरा. लगेच धरतं आणि हवा कितीही ओली असली तरी सुटत नाही.

हापूस

आंब्याच्या दिवसांत यावर हमखास वाहवा मिळते, आणि बहुतेक जण तो चुकवतात. पिवळा अंडाकृती गोळा, वर हिरवं पान, झाला आंबा. तो आंबा नव्हे, लिंबाचा मोठा भाऊ. आपल्या माणसांसमोर आंबा ठेवायचा तर तो हापूसच वाटला पाहिजे.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं मिळतात ती एकदा हातात घेऊन बघा. कारागीर आकार किती थोडक्यात पकडतो आणि रंग कुठे दाट, कुठे विरळ ठेवतो, हे त्यातून कळतं. मग खरा आंबा समोर ठेवा.

तीस ग्रॅमचा गोळा घ्या, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास होईल. रंग केशरीकडे झुकणारा पिवळा, पण फिका. गडदपणा नंतर पुडीने आणायचा. गोळ्याचा थेंब करा, पण टोक निमुळतं ठेवू नका. हापूसला तोतापुरीसारखी चोच नसते, खालचा भाग गोलसर असतो. आता देठाची बाजू. एका अंगाला खांदा उंच, दुसरीकडे उतरता. अंगठ्याने एक बाजू हलकेच दाबलीत की दुसरी आपोआप वर येते. शेवटी दोन्ही तळव्यांत किंचित चपटा करा, कारण आंबा चेंडूसारखा गोल नसतो. मधल्या बोटावर ठेवून फिरवत बघा. चारी बाजूंनी सारखा दिसला तर अजून आंबा झालेला नाही.

देठाजवळ बॉल टूलने बारीक खळगा, त्यात लवंग उलटी खोवायची. फुलाचं टोक आत, दांडी बाहेर. खाणाऱ्याला सांगा, लवंग काढून खा.

एक रात्र वाळवून रंग. आधी सगळीकडे पिवळी पूड. मग उंच खांद्यावर केशरी, त्यावर अगदी थोडी लाल, गोल गोल घासत, कुठेही कड न दिसता. उतरत्या बाजूला टोकाकडे हिरव्याची नुसती सावली. शेवटी तपकिरी रंगात टूथपिकचं टोक बुडवून, टिश्यूवर टिपून, खांद्याजवळ सातआठ बारीक ठिपके. ठिपके मोजून सारख्या अंतरावर दिलेत तर तो लुडोचा फासा दिसेल.

पाच-सहा आंबे करून पेंढ्याच्या पेटीत ठेवा. पेंढा म्हणजे फिक्या पिवळ्या फॉन्डंटच्या शेवया, सोऱ्यातून. पेटीच्या फळ्या होडीसारख्याच.

माणसं आणि प्राणी यांच्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याला वेगळा हात लागतो. बसलेले करा, उभे नकोत. खालचा भाग जड आणि रुंद ठेवा. धड एक दिवस वाळल्याशिवाय त्यावर डोकं ठेवू नका. डोळे डोक्याच्या मधोमध येतात, नवशिके ते कपाळावर लावतात. आत आधाराला कच्च्या स्पॅगेटीची काडी घातलीत तर दातात आली तरी हरकत नाही. टूथपिक घातलीच तर केक नेणाऱ्याला तोंडाने सांगा, चिठ्ठीवर विसंबू नका.

वाळवण

डिसेंबर-जानेवारीत ताटलीत कॉर्नफ्लोअर भुरभुरवून फुलं मांडली की दुसऱ्या दिवशी टणटणीत. शिकायला हेच दिवस घ्या. पावसात मात्र युक्त्या लागतात. एसी असेल तर ‘ड्राय’वर टाका, तो हवेतलं पाणी काढतो. नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, त्यांच्यावर जाळी किंवा उलटी चाळणी, आणि तिच्यावर फुलं, पुड्यांना न टेकता. दोन-तीन दिवसांत कोरडी होतात आणि मध्ये वीज गेली तरी काही बिघडत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे ही गोष्ट बारीक नाही. ओव्हनचा नुसता दिवा लावून दार किंचित उघडं ठेवूनही वाळतात, पण घरात कुणी नकळत ओव्हन सुरू करणार नाही याची व्यवस्था करा. दारावर कागद चिकटवा.

उन्हात ठेवू नका. रंग उडतो, आणि मुंग्या.

मुंग्यांनी माझी एक आख्खी परडीभर फुलं रातोरात खाल्ली आहेत. तेव्हापासून उघडं वाळवताना ताटली एका वाटीवर आणि वाटी पाण्याच्या परातीत, दुधाच्या पातेल्याला आजी करायची तशीच.

वाळलेली फुलं हिवाळ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यात महिनोन्‌महिने राहतात, पावसाळ्यात सिलिकाच्या डब्यात. फ्रीजमध्ये कधीच नाही.

केकवर चढवताना

आपल्या गावांतले बहुतेक केक व्हिप्ड क्रीमचे असतात. क्रीममध्ये पाणी असतं, आणि फॉन्डंटचा तुकडा त्यावर बसला की खालून विरघळायला लागतो. तासाभरात फुलाखाली रंगाचं तळं. उपाय दोन. एक, तुकड्याच्या बुडाला वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा थर लावून तो सुकू द्यायचा, म्हणजे क्रीम आणि साखरेची गाठ पडत नाही. दोन, केक गनाशचा, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या घट्ट लेपाचा करायचा. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग वजनाने. पांढऱ्या चॉकलेटला तीनास एक. मे महिन्यात तर मी फॉन्डंटच्या सजावटीसाठी गनाशशिवाय केक घेतच नाही.

क्रीमचाच केक हवा असेल आणि तो फ्रीजमध्ये राहणार असेल, तर सजावट वेगळ्या डब्यात द्या आणि कापायच्या आधी लावायला सांगा. लोकांना वाटतं बाई अर्धं काम आपल्यावर टाकते, पण मुलांना आंबे मांडायला फार आवडतं. पूर्ण फॉन्डंटने झाकलेला केक फ्रीजमधून काढला तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातच राहू द्या. दव खोक्यावर धरतं, केकवर कमी. तरी वर घाम दिसलाच तर पुसू नका. बोट लागलं की ठसा राहतो. पंख्याखाली सोडून द्या, आपोआप सुकतो.

नेताना खोकं रिक्षाच्या सीटवर नको, ती मागे कललेली असते. पायाशी, सपाट, खाली ओट्यावर अंथरायची रबरी जाळी. रस्ते तुम्हाला माहीतच आहेत. होडीचं शीड, चाफ्याची उघडी फुलं आणि पेटीतला सगळ्यात वरचा आंबा वेगळ्या डब्यात न्यायचा, सोबत गोंदाची बाटली, बारीक ब्रश आणि थोडं चॉकलेट. मी जिथे केक पोचवते तिथे पाच मिनिटं आणि एक कोरडा पंचा मागते. हात धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून मग शीड लावते.